द हाउसकीपर्स: किल्ल्या ज्यांच्या कमरेला, त्यांचाच दरोडा

लंडनच्या मेफेअर या धनिकांच्या वस्तीतील सर्वांत भपकेबाज घर, तेथे होऊ घातलेला वेषांतराचा नृत्यसमारंभ, आणि त्याच रात्री, पाहुणे दिवाणखान्यात नाचत असताना, घरातील एकूण एक वस्तू उचलून नेण्याचा काही बायकांनी घातलेला घाट, एवढ्या भांडवलावर अ‍ॅलेक्स हे (Alex Hay) या ब्रिटिश लेखकाने आपली पहिली कादंबरी उभी केली आहे. ‘द हाउसकीपर्स’ २०२३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. मी ती निम्मी ई-पुस्तक म्हणून वाचली आणि मग छापील प्रत मागवली, कारण पात्रे इतकी आहेत की ही बाई नेमकी कोण, हे पाहण्यासाठी सारखे मागे जावे लागते, आणि पडद्यावर ते जिकिरीचे होते. छापील प्रत कोपरे दुमडलेल्या अवस्थेत घरी आली. परंतु तोवर कथा अशा ठिकाणी पोहोचली होती की प्रत परत पाठवून दुसरीची वाट पाहण्याइतका धीर माझ्यात उरला नव्हता. पुस्तकाच्या पकडीबद्दल एवढे पुरावे.

काळ १९०५चा आहे. मिसेस किंग या बाई या घराच्या हाउसकीपर. त्यांचा जन्म चोर-भामट्यांच्या जगातला. तेथून बाहेर पडून त्यांनी स्वतःला कष्टाने प्रतिष्ठित केलेले आहे, आणि हिऱ्यांच्या धंद्यात अमाप पैसा मिळवलेल्या मालकाच्या मृत्यूनंतर त्यांना तडकाफडकी कामावरून काढून टाकले जाते. मालकाची मुलगी मिस डी व्हरीस बापाचे सुतक पुरते फिटण्यापूर्वीच नृत्यसमारंभ योजते, आणि मिसेस किंग त्या रात्रीसाठी आपली टोळी जमवतात. काळ्या बाजाराची राणी मिसेस बोन, मोठ्या भूमिकेसाठी आसुसलेली नटी हेफ्झिबा, शिवणकामाच्या निमित्ताने त्या घरात वावरणारी अ‍ॅलिस, आणि मिसेस किंग यांच्या आधी त्याच जागेवर असलेली विनी, अशी ही मंडळी आहेत. प्रत्येकीचा हिशेब वेगळा आहे आणि मिसेस किंग यांना तर पैशापेक्षाही एक जुने सत्य हवे आहे. त्याविषयी येथे काही सांगणार नाही.

‘हाउसकीपर’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे, यावर मी वाचताना बराच अडखळलो. मोलकरीण हा शब्द येथे साफ चुकीचा आहे. मोलकरणींना ठेवणारी आणि काढणारी बाई म्हणजे हाउसकीपर. आपल्या वाड्यांतील कोठी सांभाळणारा कोठावळा आणि कारभारी यांना एकत्र करून त्यांना काळा रेशमी झगा नेसवला, तर ही बाई काहीशी डोळ्यांपुढे उभी राहते. चादरी-अभ्रे, चिनी मातीची भांडी, साखर-चहा-मसाल्यांचा साठा आणि घरातील सगळ्या मुली तिच्या ताब्यात असत. चांदी आणि दारू मात्र बटलरच्या, म्हणजे पुरुष नोकरांच्या मुख्याच्या, ताब्यात. ती अविवाहित असली तरी तिला ‘मिसेस’ म्हणण्याचा रिवाज होता, म्हणजे सौभाग्य नव्हे तर हुद्दा म्हणून मिळालेले ते उपपद होते. तिच्या कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा हेच तिचे खरे मंगळसूत्र, असे एखादी जुनी मराठी लेखिका सहज लिहून गेली असती.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच मिसेस किंग स्वयंपाकघरातील टेबलावर घरातल्या सुऱ्या ओळीने मांडतात. समोर बटलर उभा आहे आणि त्याला भीती वाटते, पण त्यांचा हेतू धमकावण्याचा नसतो. आपण या सुऱ्या किती नीट राखल्या, हे त्यांना जाताजाता दाखवायचे असते. मला हा प्रसंग पुढच्या सगळ्या दोरखंडांपेक्षा आणि कसरतींपेक्षा अधिक मोलाचा वाटतो, कारण साऱ्या दरोड्याची गुरुकिल्ली त्यात आहे. असे घर फोडण्यासाठी बाहेरच्या चोराला महिनोन्महिने टेहळणी करावी लागेल; ते चालवणाऱ्या बाईला मात्र कोणते दार किती कुरकुरते, कोणत्या जिन्यावर रात्री दिवा असतो, कोणता गडी झोपाळू आहे आणि कोणत्या कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे सर्व पाठ असते, कारण तेच तिचे काम असते. त्या काळच्या मोठ्या घरांत चादरींवर लाल दोऱ्याने मालकाची आद्याक्षरे, क्रमांक आणि कधी वर्षही टाचलेले असे, जेणेकरून त्या पाळीपाळीने वापरल्या जाव्यात आणि सारख्या झिजाव्यात. ज्या बाईने अशा शेकडो चादरींची नोंद वर्षानुवर्षे ठेवली, तिच्यासाठी चोरी करायच्या वस्तूंची यादी करणे म्हणजे नेहमीचीच वही उलट्या बाजूने लिहिणे आहे. ही कादंबरी जेथे जेथे दरोड्याकडे घरकामाचा एक प्रकार म्हणून पाहते, म्हणजे मोजणे, गुंडाळणे, वाहणे, आवाज न करणे आणि वरच्या मजल्यावरील लोकांच्या नजरेस न पडणे, तेथे तेथे ती अस्सल उतरते.

नजरेस न पडणे ही तर नोकरीची अटच होती. हिरव्या बनातीने मढवलेले एक दार मालकांचे घर आणि नोकरांचे घर वेगळे करीत असे. जिने वेगळे, प्रवेशद्वारे वेगळी, आणि मालक समोरून आला तर बाजूला होऊन नाहीसे व्हायचे, असा अनेक घरांतला शिरस्ता. नाव बदलण्याचीही पद्धत होती. नव्याने आलेल्या गड्याला मागच्या गड्याचेच जॉन किंवा जेम्स हे नाव चिकटवले जाई, म्हणजे मालकांना नवे नाव लक्षात ठेवण्याचे कष्ट नकोत. टोळीत जेन-एक आणि जेन-दोन अशा नावांच्या, कसरती जाणणाऱ्या दोन मुली आहेत; त्या विनोदासाठी घातल्या आहेत असे प्रथम वाटते, पण वरील रिवाज ठाऊक असला की त्या नावांतला विखार कळतो. जिला माणूस म्हणून कोणी पाहिलेच नाही, तिला खुर्ची घेऊन जाताना तरी कोण पाहणार?

इतिहासाच्या बाजूने पाहता लेखकाने घराचा पत्ता फार विचारपूर्वक निवडला आहे. कादंबरीतील घर पार्क लेनवर आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रस्त्यावर दक्षिण आफ्रिकेतील हिरे आणि सोन्याच्या खाणींवर गबर झालेल्या नवश्रीमंतांनी वाडे उठवले होते. त्यांतला बार्नी बार्नाटो हा लंडनच्या गरीब ईस्ट एंडमधून, बार्नेट आयझॅक्स हे मूळ नाव घेऊन, दक्षिण आफ्रिकेतील किम्बर्ली या हिऱ्यांच्या खाणींच्या गावी गेला आणि कोट्यधीश होऊन परतला. पार्क लेनवरील त्याचा वाडा पूर्ण होण्यापूर्वीच, १८९७ साली, मायदेशी येताना जहाजावरून समुद्रात पडून त्याचा अंत झाला. पुढे तो वाडा एडवर्ड ससून यांनी घेतला. हे ससून म्हणजे आपल्या मुंबईच्या ससून डॉकचे आणि पुण्याच्या ससून रुग्णालयाचेच घराणे. एडवर्ड यांचा जन्मही मुंबईचा. पुण्यात रिक्षावाल्याला ‘ससूनला चला’ म्हणणाऱ्याच्या मनात पार्क लेन क्वचितच येत असेल, पण मला मिस डी व्हरीसच्या दिवाणखान्याचे वर्णन वाचताना राहून राहून हा धागा आठवत होता.

या श्रीमंतीच्या मुळाशी काय होते, याकडे मात्र कादंबरी मला हवी होती तितकी वळत नाही. किम्बर्लीच्या खाणींत १८८०च्या दशकापासून आफ्रिकी मजुरांना कराराची मुदत संपेपर्यंत बंदिस्त आवारात ठेवले जाई, आणि बाहेर पडण्यापूर्वी, त्यांनी हिरा गिळला किंवा अंगात लपवला नाही ना, हे पाहण्यासाठी त्यांची अत्यंत मानहानिकारक झडती घेतली जाई. ज्या पैशाची सुरुवातच नोकराच्या अंगझडतीने झाली, त्या पैशातून उभ्या राहिलेल्या घरात नोकरांनीच खिळादेखील मागे न ठेवता सगळे उचलून न्यावे, यापेक्षा काव्यात्म न्याय तो कोणता? लेखकाच्या हाताशी हे सारे होते. त्याने ते पार्श्वभूमीला रंगवून ठेवले आणि वेग राखण्यासाठी पुढे निघून गेला. त्याचा हिशेब मला समजतो, पण हळहळ वाटतेच.

झडती इंग्लंडच्या घरांतही होतीच. निघालेल्या नोकराची पेटी उघडून पाहणे ही सर्रास रीत होती, आणि कायदाही मालकाच्याच बाजूने झुकलेला होता. १८६१च्या ब्रिटिश चोरीविषयक कायद्यात नोकराने मालकाची वस्तू चोरली तर चौदा वर्षांपर्यंतची सक्तमजुरी होती, साध्या चोरीच्या शिक्षेहून कितीतरी अधिक. ही समजूत आपल्याकडेही आली आणि राहिली. भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत आणि नोकराने केलेल्या मालकाच्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद होती, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६मध्येही ती सात वर्षे तशीच आहेत. आमच्या सोसायटीच्या फाटकावर संध्याकाळी कामाच्या मावशींच्या पिशव्या उघडून पाहिल्या जातात; सोसायटीतून बाहेर पडणाऱ्या माझी पिशवी आजवर कोणी उघडलेली नाही. मिसेस किंग आणि त्यांच्या सख्या काय धोका पत्करीत आहेत, हे कादंबरीत शब्दांनी फारसे सांगितलेले नाही. चौदा वर्षांचा हा आकडा मनात ठेवून वाचले, तर हलक्याफुलक्या वाटणाऱ्या प्रसंगांनाही धार येते.

माझी सर्वांत मोठी तक्रार ‘कॅरेक्टर’विषयी आहे. त्या काळी मालकाने लिहून दिलेल्या शिफारसपत्राला ‘कॅरेक्टर’ म्हणत, आणि या शब्दातच सारे आले: मालक कागदावर लिहील तेवढेच नोकराचे चारित्र्य. ते देण्याचे मालकावर कोणतेही कायदेशीर बंधन नव्हते, खोटे पत्र तयार करणे मात्र १७९२पासून गुन्हा होता. १९०१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकामावर असलेल्या स्त्रियांची संख्या तेरा लाखांच्या वर होती; त्यांतल्या कोणालाही एका सकाळी पत्राविना दाराबाहेर काढले, तर तिच्यापुढे पुन्हा चांगले घर मिळण्याची वाट जवळजवळ बंद होती. मालकाच्या हातातील खरे शस्त्र चाबूक नव्हे, तो न लिहिलेला कागद होता. मिसेस किंग यांना तडकाफडकी काढले जाते तेव्हा हे शस्त्र किती खोल लागते, याची एखादी तरी सावकाश जाणारी दोन पाने मला हवी होती. त्याऐवजी त्या इतक्या लवकर टोळीच्या म्होरक्या होतात की त्यांचे बेघरपण जाणवायला वेळच मिळत नाही. आणि टोळीही पाहता पाहता मोलकरणींची न राहता नटी, कसरतपटू आणि काळ्या बाजारवाली यांची बनते. सूड मोलकरणींचा म्हणून पुस्तक विकले जाते, आणि त्यातली सर्वांत चमकदार कामे ज्यांनी आयुष्यात कोणाची खोली झाडलेली नाही त्या करतात, हे मला खटकले.

खऱ्या इतिहासात असे प्रकरण कसे घडते, याचा एक नमुना वेल्समधील एर्डिग या घरात सापडतो. रेक्सहॅमजवळचे हे यॉर्क कुटुंबाचे घर आपल्या नोकरांची चित्रे काढून घेण्याबद्दल आणि त्यांवर कौतुकाच्या कविता रचण्याबद्दल प्रसिद्ध आहे. आज ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे असून लोक मुद्दाम ती चित्रे पाहायला जातात. त्याच घरात एलेन पेन्केथ ही स्वयंपाकीण आणि हाउसकीपर अशी दुहेरी जबाबदारी सांभाळत होती. दुकानदारांची बिले चुकती करण्यासाठी मालकीण तिच्या हाती रोख रक्कम देई. बिले थकत गेली, आणि सुमारे पाचशे पौंडांच्या अफरातफरीचा आरोप तिच्यावर ठेवून १९०७ साली तिला न्यायालयात उभे करण्यात आले. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. म्हणजे, ज्या घराने नोकरांवर कविता केल्या त्याच घराने आपल्या हाउसकीपरवर खटला भरला, आणि तिची सरशी झाली ती कोणतेही दार न फोडता. कादंबरीतील दरोडा काल्पनिक आहे, पण घराचा पैसा आणि घराची किल्ली जिच्या हातात, तिच्यावर विश्वासही सर्वांत जास्त आणि संशयही सर्वांत आधी, हे जे त्याच्या बुडाशी आहे ते अजिबात काल्पनिक नाही.

आता पुस्तकाच्या बांधणीविषयी. प्रकरणे आखूड आहेत, दृष्टिकोन भराभर बदलतो आणि समारंभाची रात्र जसजशी जवळ येते तसतसा ताण सराईतपणे वाढवला आहे. लेखकाला संवादाची जाण आहे. मिसेस बोन तोंड उघडतात तेव्हा पान उजळते. कंजूषपणा, प्रेमळपणा आणि धंदेवाईक व्यवहार यांचे जे मिश्रण त्यांच्यात आहे, ते मला आमच्या जुन्या पेठेतील एका भांडी-मोडवाल्या बाईंची आठवण करून देणारे वाटले. वजन करताना काट्यावर बोट ठेवणाऱ्या आणि लगेच चहा पाजणाऱ्या अशा बाया सगळीकडे असाव्यात. मिस डी व्हरीस हीदेखील नुसती दुष्ट मालकीण नाही. ऐन तारुण्यात, हाती अमाप पैसा असूनही, लग्नाच्या बाजारात उभी राहिल्याशिवाय तिला काहीही करता येत नाही, आणि समारंभ हा तिचाही एक डाव आहे. घराच्या दोन्ही मजल्यांवर दोन बायका एकाच रात्रीवर आपले सर्वस्व लावून बसल्या आहेत, ही मांडणी सुरेख आहे.

उणे बाजू म्हणजे दरोड्याचे यंत्र मधूनमधून फार सुरळीत चालते. एवढे अवजड फर्निचर, गालिचे, चित्रे आणि काचसामान भरल्या घरातून, शेकडो लोक असताना, खाली उतरवून रस्त्याने न्यायचे, तर घाम, चिडचिड आणि फुटकी भांडी अधिक दिसायला हवी होती. अडचणी येतात, पण बऱ्याचदा त्या कथानकाला हव्या त्या क्षणी येतात आणि हव्या त्या क्षणी सुटतात. वाचकाने येथे थोडी सूट द्यावी लागते. मी दिली, कारण अशा कथेत मजा हा पहिला करार असतो, पण विनीच्या वाट्याला त्या रात्री आणखी पाने यायला हवी होती, असे मला अजूनही वाटते. टोळीत खरा घरकामाचा थकवा अंगावर वागवणारी तीच आहे.

एक सूचनाही करणे आवश्यक आहे. मुखपृष्ठ आणि जाहिरात पाहून ही केवळ चुरचुरीत गंमत असेल असा समज होतो, परंतु पुढे घरातील तरुण मोलकरणींच्या संदर्भात एक काळी बाजू उघड होते. ती सवंगपणे हाताळलेली नाही, तरीही शाळकरी मुलांच्या हाती पुस्तक देण्यापूर्वी मोठ्यांनी स्वतः वाचून ठरवावे. भाषा अवघड नाही. इंग्रजी कादंबऱ्या सवयीने वाचणाऱ्याला शब्दकोश क्वचितच लागेल, मात्र घरातील हुद्द्यांची नावे पहिल्या काही प्रकरणांत एका कागदावर लिहून ठेवली तर पुढचा गोंधळ टळतो. छापील प्रतच घ्यावी, हे पुन्हा सांगतो. पाचपैकी गुण द्यायचे तर साडेतीन, आणि त्यांतला अर्धा गुण एकट्या मिसेस बोन यांचा.

पुस्तक आठवडाभर स्वयंपाकघरातील टेबलावर पडून होते. आमच्याकडे चौदा वर्षे काम करणाऱ्या मावशींनी एके दिवशी ते उचलून पुसले आणि ही कशाची गोष्ट आहे, असे विचारले. मी थोडक्यात सांगितली. त्यांनी ओट्याला टेकून सगळी ऐकून घेतली, चोरी बरोबर की चूक याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मग विचारले, “पण दादा, काचेची भांडी कशात बांधली? एवढं कापड आणलं कुठनं, आणि ते आणताना कोणी पाहिलं नाही?” मला चटकन उत्तर देता येईना, आणि तेवढ्यासाठी पुस्तक पुन्हा उघडून बसावे लागले.